कर्ज कोणाचे, राजधानी कुठे : १७९० चा अमेरिकी सौदा

पार्श्वभूमी

सप्टेंबर १७८९ मध्ये अलेक्झांडर हॅमिल्टनने अमेरिकेच्या नव्या केंद्र सरकारचे अर्थखाते हाती घेतले, तेव्हा तिजोरीत खडखडाट होता आणि धनको दारात उभे होते. स्वातंत्र्ययुद्ध उधारीवर लढले गेले होते. राज्यांच्या जुन्या, सैल महासंघाला कर बसवायचा अधिकारच नसल्यामुळे देणी साचत गेली, आणि व्याजही थकले. प्रतिनिधिगृहाने हॅमिल्टनला उपाय सुचवायला सांगितले. त्याचा अहवाल जानेवारी १७९० मध्ये न्यूयॉर्कला, म्हणजे तेव्हाच्या राजधानीत, सादर झाला.

अहवालातला हिशेब असा होता. परदेशी कर्ज, थकीत व्याजासह, सुमारे १ कोटी १७ लाख डॉलर. देशांतर्गत कर्ज ४ कोटी ४ लाख, त्यात नुसते थकलेले व्याज १ कोटी ३० लाख. अजून न तपासलेली देणी अंदाजे २० लाख. केंद्राची ही एकूण देणी ५ कोटी ४१ लाखांच्या घरात जात होती. त्यावर तेरा राज्यांची स्वतःची युद्धकर्जे हॅमिल्टनने अंदाजाने अडीच कोटी धरली. हा शेवटचा आकडा पक्का नव्हता, आणि पुढचे सगळे महाभारत त्याच्यावरूनच झाले.

राज्यांचा बोजा सारखा नव्हता. मॅसॅच्युसेट्स आणि साउथ कॅरोलायना कर्जात रुतलेली होती. मॅसॅच्युसेट्सने ते फेडण्यासाठी कर वाढवले, त्याचा परिणाम म्हणून १७८६-८७ मध्ये पश्चिम भागातल्या शेतकऱ्यांनी डॅनियल शेजच्या नावाने ओळखले जाणारे बंड केले. व्हर्जिनिया आणि मेरीलँड यांनी मात्र बरेच कर्ज आपले आपण उतरवत आणले होते.

तिसरी गोष्ट रोख्यांची. युद्ध संपताना सैनिकांना पगाराऐवजी सरकारी प्रमाणपत्रे दिली गेली. घरी परतलेल्या माणसाला ती मोडावी लागली. १७८९ च्या उत्तरार्धात असा कागद डॉलरमागे २० ते २५ सेंटला विकला जात होता. नवे सरकार पैसे देणार असा वास लागताच भाव चढला, पण ही बातमी शहरांबाहेरच्या माणसापर्यंत पोचायला आठवडे लागत. जॉर्जियाचे प्रतिनिधी जेम्स जॅक्सन यांनी भर सभागृहात तक्रार केली की दक्षिणेतले रोखे स्वस्तात उचलायला पंधरवड्यात तीन जहाजे न्यूयॉर्कहून सुटली आहेत.

पेच

हॅमिल्टनच्या प्रस्तावाचे दोन भाग होते. पहिला : केंद्राचे कर्ज दर्शनी किमतीने मान्य करायचे आणि ज्याच्या हातात आज कागद आहे त्याला पैसे द्यायचे. दुसरा : राज्यांची युद्धकर्जेही केंद्राने अंगावर घ्यायची.

पहिल्या भागाला व्हर्जिनियाचा प्रतिनिधी जेम्स मॅडिसन याने पर्याय मांडला. आजच्या धारकाला बाजारात मिळालेला सर्वोच्च भाव द्यावा, उरलेली रक्कम मूळ धारकाला, म्हणजे बहुतेक वेळा सैनिकाला. न्यायाच्या दृष्टीने हे पटण्यासारखे होते. अडचण अंमलबजावणीत होती : कागद चार-पाच हातांतून फिरलेले, मूळ नाव अनेकदा कारकुनाचे किंवा पुरवठादाराचे, आणि एकदा सरकारने विकलेल्या रोख्याचा खरेदीदार दुय्यम ठरवला की पुढच्या वेळी रोखा कोण घेणार? २२ फेब्रुवारीला हा प्रस्ताव ३६ विरुद्ध १३ असा पडला. इथे हॅमिल्टनची बाजू भक्कम होती.

दुसऱ्या भागावर गाडी अडकली. मार्चमध्ये संपूर्ण गृहाच्या समितीत (म्हणजे सगळे सदस्य समिती म्हणून बसले असताना) राज्यांची कर्जे घेण्याचा ठराव ३१ विरुद्ध २६ ने मंजूर झाला होता. पण नॉर्थ कॅरोलायनाने नोव्हेंबर १७८९ मध्येच राज्यघटना स्वीकारली होती आणि तिचे प्रतिनिधी आता एकेक करून येऊन बसू लागले होते. त्यांचा कल विरोधात होता. विषय पुन्हा समितीकडे गेला आणि १२ एप्रिलला ३१ विरुद्ध २९ ने पडला. दोन मतांचा फरक. २ जूनला प्रतिनिधिगृहाने राज्यांच्या कर्जांचा भाग वगळूनच विधेयक सिनेटकडे पाठवले.

मॅसॅच्युसेट्सच्या मंडळींनी ठणकावले की राज्यांची कर्जे नसतील तर केंद्राच्या कर्जाच्या व्यवस्थेलाही आमची मते नाहीत. म्हणजे दोन मतांच्या पराभवाने आता अख्खी योजना धोक्यात आली.

समोरचे पर्याय

हॅमिल्टनपुढे प्रत्यक्षात चार वाटा होत्या.

राज्यांची कर्जे सोडून देणे. सोपे, पण मग धनको दोन गटांत विभागले जाणार : केंद्राचे आणि राज्यांचे. राज्यांना आपले धनको सांभाळायला कर हवे होते, आणि आयात जकात आता राज्यघटनेने केंद्राकडे गेली होती. दोघे एकाच मालावर, एकाच दारूवर कर बसवायला धावले असते.

आधी हिशेब, मग जबाबदारी. युद्धात कोणत्या राज्याने किती खर्च केला याचा हिशेब करणारे आयुक्त आधीच नेमलेले होते. तो पुरा होऊ द्यावा, ज्याचे जास्त निघेल त्याला द्यावे. कागदोपत्री हीच सर्वांत न्याय्य वाट. अडचण दुहेरी होती. वेळ लागणार होता, आणि व्हर्जिनियासारख्या राज्यांकडे सगळ्या खर्चाच्या पावत्याच नव्हत्या.

मॅडिसनचा दुसरा तोडगा : कर्ज आज आहे तसे घेण्याऐवजी युद्ध संपताना होते तसे घ्यावे, म्हणजे ज्यांनी फेडले त्यांनाही त्याचे श्रेय मिळेल. याने व्हर्जिनिया शांत झाली असती, पण एकूण रक्कम फुगली असती आणि ती भरायला करांचे नाव कोणी घेईना.

चौथी वाट म्हणजे बाहेरून मते आणणे. त्यासाठी हातात देण्यासारखी एकच गोष्ट होती, राजधानी. १७८९ मध्ये ती पेनसिल्व्हेनियात जाता जाता राहिली होती. कायमची जागा कुठे याच्याभोवती पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड, व्हर्जिनिया आणि न्यूयॉर्क एकमेकांना अडवत बसले होते.

निर्णयाचे क्षण

पहिला प्रयत्न पेनसिल्व्हेनियाशी झाला आणि फसला. जूनच्या मध्यावर हॅमिल्टन सिनेटर रॉबर्ट मॉरिसला भेटला. सिनेटमध्ये एक मत आणि प्रतिनिधिगृहात पाच मते मिळवून द्या, बदल्यात कायमची राजधानी जर्मनटाउनला किंवा डेलावेअर नदीवरील धबधब्यापाशी, असा त्याचा प्रस्ताव होता. पेनसिल्व्हेनियाचा दुसरा सिनेटर विल्यम मॅक्ले याच्या रोजनिशीमुळे हे आपल्याला ठाऊक आहे. मॉरिसने त्यावर तात्पुरती राजधानीही फिलाडेल्फियाला मागितली. न्यूयॉर्कमधून राजधानी हलवायला हॅमिल्टनचीच माणसे तयार नव्हती. वचन दिले असते तरी ते पाळणे त्याच्या हातात नव्हते, आणि सौदा तिथेच संपला.

दुसरा प्रयत्न व्हर्जिनियाशी. परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसन मार्चमध्येच न्यूयॉर्कला आला होता आणि या भांडणात अजून तरी बाजूला होता. त्याच्या आठवणीप्रमाणे, राष्ट्राध्यक्षांच्या दाराशी भेटलेला हॅमिल्टन काळवंडलेल्या चेहऱ्याने येरझारा घालत होता. जूनच्या विसाच्या आसपास मेडन लेनवरच्या आपल्या भाड्याच्या घरी जेफरसनने त्याला आणि मॅडिसनला जेवायला बोलावले. ठरले ते एवढे : मॅडिसन ठरावाच्या बाजूने मत देणार नाही, पण आपल्या लोकांना अडवणारही नाही, व्हर्जिनियाची दोन मते फिरतील, बदल्यात राजधानी पोटोमॅक नदीवर जाईल.

अमेरिकेचे भवितव्य तिघांनी एका पंगतीत ठरवले अशी या जेवणाची ख्याती आहे, आणि ती जरा जास्तच झाली आहे. फिलाडेल्फियाला दहा वर्षे आणि नंतर पोटोमॅक, हे पेनसिल्व्हेनिया व व्हर्जिनियाच्या प्रतिनिधींमध्ये त्याआधीच जुळत आले होते. जेवणाने दोन गोष्टी साधल्या : न्यूयॉर्क आणि न्यू इंग्लंडची माणसे ते जुळलेले बिघडवणार नाहीत, आणि व्हर्जिनियाच्या आकड्याची बोलणी खुली झाली.

तो आकडा या प्रकरणाचे खरे बिजागर आहे. हिशेबाच्या नियमांत पुराव्याबाबत सैल हात ठेवला गेला. कर्जाची सरसकट जबाबदारी घेण्याऐवजी कायद्यात प्रत्येक राज्याचा ठरलेला कोटा लिहिला गेला : मॅसॅच्युसेट्स आणि साउथ कॅरोलायनाला प्रत्येकी ४० लाख, व्हर्जिनियाला ३५ लाख, नॉर्थ कॅरोलायनाला २४ लाख, पेनसिल्व्हेनियाला २२ लाख, कनेक्टिकटला १६ लाख, न्यूयॉर्कला १२ लाख, न्यू जर्सी आणि मेरीलँडला ८-८ लाख, न्यू हॅम्पशर आणि जॉर्जियाला ३-३ लाख, ऱ्होड आयलंड आणि डेलावेअरला २-२ लाख. एकूण २ कोटी १५ लाख. व्हर्जिनियाचा वाटा असा बेतला की तिच्या पदरात येणारे आणि करांतून तिच्याकडून जाणारे साधारण सारखे व्हावे. न्यायाची भाषा बाजूला ठेवून बेरीज-वजाबाकीने मन वळवले गेले, आणि तेच चालले.

मग मते. राजधानीचे विधेयक सिनेटमध्ये १ जुलैला १४ विरुद्ध १२, प्रतिनिधिगृहात ९ जुलैला ३२ विरुद्ध २९ ने मंजूर झाले. १६ जुलैला जॉर्ज वॉशिंग्टनची सही झाली. राज्यांच्या कर्जाचा भाग सिनेटने परत घातला, आणि २६ जुलैला प्रतिनिधिगृहाने तो ३४ विरुद्ध २८ ने मान्य केला. रिचर्ड ब्लँड ली आणि अलेक्झांडर व्हाइट हे व्हर्जिनियाचे, डॅनियल कॅरोल आणि जॉर्ज गेल हे मेरीलँडचे, अशी चार मते फिरली. लीच्या मतदारसंघात पोटोमॅककाठचे अलेक्झांड्रिया बंदर येत होते, व्हाइट त्याच नदीच्या वरच्या अंगाचा. व्हाइटने मत फिरवताना त्याच्या पोटात कसे ढवळले, हे जेफरसननेच नंतर लिहून ठेवले आहे. मॅडिसनने ठरल्याप्रमाणे विरोधात मत दिले.

क्रमाकडे नीट पाहिले पाहिजे. लेखी करार नव्हता, दोन विधेयकांत एकमेकांचा उल्लेख नव्हता, आणि पोटोमॅकवाल्यांचे काम आधी झाले होते. मग ते उलटले का नाहीत? कारण त्यांच्या पदरात प्रत्यक्षात काहीच पडले नव्हते. सरकार डिसेंबर १८०० पर्यंत फिलाडेल्फियाला राहणार होते, आणि तिथून ते हलणारच नाही अशी पेनसिल्व्हेनियात बऱ्याच जणांची खात्री होती. दहा वर्षांत केव्हाही एक साधा कायदा करून सगळे उलटवता आले असते. ज्याचा माल दहा वर्षांनी मिळायचा त्याला वचन मोडणे परवडत नाही.

राजधानीचा कायदा लिहिणाऱ्यांनी हे ओळखले होते. जागा ईस्टर्न ब्रँच आणि कोनोकोचीग या उपनद्यांच्या मुखांदरम्यान पोटोमॅकवर कुठेही निवडण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना आणि त्यांनी नेमलेल्या तीन आयुक्तांना दिला. प्रत्येक टप्प्यावर काँग्रेसकडे मते मागायला जावे लागले असते तर योजना पहिल्याच वर्षी गारद झाली असती. इमारतींसाठी व्हर्जिनियाने १ लाख २० हजार आणि मेरीलँडने ७२ हजार डॉलर देऊ केले, म्हणजे सुरुवातीच्या पैशासाठीही काँग्रेसकडे हात पसरायला नको.

कायदा प्रत्यक्षात कसा चालला

४ ऑगस्ट १७९० च्या कायद्याने जुने कागद जमा करून नवे रोखे घ्यायचे होते. त्यासाठी १ ऑक्टोबरपासून वर्षभराची मुदत होती. केंद्राच्या मुद्दलाच्या दोन तृतीयांश भागावर लगेच ६ टक्के व्याज, उरलेल्या तृतीयांशावर तेच व्याज पण १८०१ पासून, आणि जुन्या थकीत व्याजाच्या बदल्यात ३ टक्क्यांचे रोखे. युद्धकाळातल्या कागदी चलनाला १०० ला १ असा दर. राज्यांच्या कागदांना जरा कमी वागणूक : चार नवमांश भाग ६ टक्क्यांचा, दोन नवमांश १८०१ पासून ६ टक्क्यांचा, तीन नवमांश ३ टक्क्यांचा.

गणित करून बघा. केंद्राचे ९०० डॉलर मुद्दल असलेल्याला आता वर्षाला ३६ डॉलर, म्हणजे ४ टक्के, आणि १८०१ पासून ५४. राज्याचा ९०० डॉलरचा कागद असलेल्याला आता २४ अधिक ९ असे ३३ डॉलर, १८०१ पासून ४५. जुना करार ६ टक्क्यांचा होता. धनकोंनी व्याजातली कपात मुकाट्याने स्वीकारली, कारण मोबदल्यात ठरलेले, दर तिमाहीला मिळणारे व्याज होते. हॅमिल्टनला जे ४ टक्के हवे होते ते त्याने केंद्राच्या कर्जावर अशा तऱ्हेने मिळवले.

राज्याच्या कागदांसाठी एक कुंपण घातले गेले : १ जानेवारी १७९० पूर्वी काढलेलीच प्रमाणपत्रे चालतील. नाहीतर केंद्र भरणार म्हणून राज्यांनी कागद छापत राहायला काय हरकत होती! कोट्यापेक्षा जास्त जमा झाले तर धारकांना प्रमाणात मिळणार, कमी जमा झाले तर उरलेल्या रकमेवरचे व्याज राज्याला. शेवटी प्रत्यक्षात जमा झाले सुमारे १ कोटी ८३ लाख.

परिणाम

बाजाराने लगेच कौल दिला. ऑगस्ट १७९१ पर्यंत ६ टक्क्यांचे रोखे दर्शनी किमतीला पोचले आणि वरही गेले. ज्या सैनिकाने २० सेंटला विकले होते त्याला त्यातले काही मिळाले नाही. हॅमिल्टनच्या खात्यातला दुय्यम अधिकारी विल्यम ड्यूअर १७९० मध्येच पद सोडून सट्ट्यात उतरला. मार्च १७९२ मध्ये त्याचा डोलारा कोसळला आणि न्यूयॉर्कचा बाजारही घसरला. तो कर्जदारांच्या तुरुंगातच १७९९ मध्ये मेला.

डिसेंबर १७९० मध्ये व्हर्जिनियाच्या विधानसभेने राज्यांची कर्जे घेणे घटनाबाह्य असल्याचा निषेध नोंदवला. आकडा जुळवून घेतला तरी तत्त्वाचा राग गेला नव्हता. १७९२ मध्ये जेफरसनने वॉशिंग्टनला लिहिले की हॅमिल्टनने आपल्याला फसवून प्यादे बनवले. ज्या घरात सौदा झाला त्या घराच्या मालकाची ही तक्रार जपूनच घ्यावी लागते. तोवर दोघांचे राजकीय गट समोरासमोर उभे होते.

आणि पैसा? आयात जकात पुरेना. हॅमिल्टनने सुचवलेला अबकारी कर जून १७९० मध्ये फेटाळला गेला होता. कर्जे अंगावर घेतल्यावर मार्च १७९१ मध्ये तो मंजूर करावाच लागला. देशी धान्याच्या दारूवर गॅलनमागे ९ ते २५ सेंट, किंवा खेड्यातल्या लहान भट्टीला क्षमतेच्या गॅलनमागे वर्षाला ६० सेंट. ॲलेघेनी पर्वतापलीकडच्या पेनसिल्व्हेनियात दारू हेच नाणे होते, कारण धान्य डोंगर ओलांडून न्यायला परवडत नसे. तिथे रोखीने कर मागणे म्हणजे नसलेली गोष्ट मागणे. १७९४ मध्ये बंड झाले आणि वॉशिंग्टनला सुमारे १३,००० शिबंदी घेऊन निघावे लागले.

वेगळे काय करता आले असते

मूळ धारकाचा प्रश्न ३६-१३ ने संपला, पण मधला मार्ग कोणी नेटाने मांडला नाही. मॅडिसनची योजना सरसकट होती, म्हणून सरसकट पडली. सरकारी दफ्तरात सैनिकांच्या नावाने काढलेल्या प्रमाणपत्रांची नोंद होती. निदान ज्याचे नाव नोंदीत स्पष्ट आहे त्याला जमिनीच्या रूपाने काही देता आले असते. सरकारकडे पश्चिमेकडची जमीन मुबलक होती, रोख नव्हती. याने रोख्याची पत बिघडली नसती.

अहवालाची वेळ ही दुसरी चूक. प्रस्ताव उघड झाल्यापासून कायदा होईपर्यंत सात महिने गेले, आणि सगळी खरेदी-विक्री या फटीत झाली. राज्यांच्या कागदांना १ जानेवारीची मर्यादा घातली ती नव्याने काढण्यावर, हस्तांतरावर नाही. बातमी शहरात दोन दिवसांत आणि गावाकडे तीन आठवड्यांनी पोचत असताना ज्याला आधी कळते तो श्रीमंत होणारच. अहवालासोबतच बंदरा-बंदरांतल्या कर्ज कचेऱ्यांमधून जाहीर सूचना लावणे अवघड नव्हते.

करांचा प्रश्न मागे टाकला हे मला सर्वांत महागात पडलेले वाटते. जून १७९० मध्ये अबकारीला नकार आणि जुलैमध्ये २ कोटी १५ लाखांच्या बोज्याला होकार, तोही त्याच सभागृहाचा. देणे मंजूर करणारी मते आणि भरणे मंजूर करणारी मते वेगळी ठेवली की कर मागाहून, घाईने आणि ज्याचा आवाज सर्वांत कमी त्याच्यावर बसतो. लहान भट्टीवाल्याला धान्याच्या किंवा दारूच्या रूपात कर भरण्याची सोय पहिल्याच कायद्यात असती तर निम्मा राग निवळला असता.

हिशेबाचे काय झाले तेही सांगायला हवे, कारण सगळ्या विरोधाचा आधार तोच होता. आयुक्तांनी २९ जून १७९३ ला काम संपवले. लोकसंख्येच्या प्रमाणात वाटणी केल्यावर सात राज्यांचे येणे निघाले, एकूण ३५ लाखांच्या आसपास : मॅसॅच्युसेट्सचे सुमारे १२ लाख ४९ हजार, साउथ कॅरोलायनाचे १२ लाख ६ हजार, कनेक्टिकटचे ६ लाख १९ हजार, बाकीचे किरकोळ. सहा राज्ये देणेकरी ठरली. न्यूयॉर्क २० लाख ७५ हजारांची, डेलावेअर ६ लाख १२ हजारांची. आणि जिच्यासाठी एवढी रस्सीखेच झाली ती व्हर्जिनिया? तिचे देणे निघाले फक्त १ लाख डॉलरच्या आसपास. येणेकरी राज्यांना केंद्राने रोखे दिले. देणेकरी राज्यांकडून मात्र ही रक्कम कधीच धडपणे वसूल झाली नाही.